एक्केचाळीस फॉर्म

खोटं कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही. ते आपोआप जमलं, आणि इतकं बेमालूम जमलं की त्याचीच मला अजून भीती वाटते. आठवणींतून हे प्रकरण गाळून टाक, असं विभागातल्या एका सहकारी बाईंनी मला सुचवलं. म्हणाल्या, "तुझे विद्यार्थी वाचतील गं." वाचू देत. संशोधन पद्धतीचा पेपर मीच शिकवते त्यांना. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बांधायची, सगळं फळ्यावर लिहून देते. जे फळ्यावर लिहायची माझी छाती होत नाही, ते इथे लिहिते.

त्या दिवसांत मी बारामतीत, भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहत होते. कॉट दोन, मुलगी मी एकटी. दुसरी मुलगी नोकरी लागून पुण्याला गेली आणि तिच्या कॉटवर माझे कोरे फॉर्म, भरलेले फॉर्म, पुस्तकं आणि वाळलेले कपडे राहायला आले. सकाळी खालच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, त्या मी मोजायचे. तीन झाल्या की वरण, सहा झाल्या की छोले. छोले असले की मालकीणबाई दुपारी एखादी वाटी वर पाठवतील अशी आशा असायची. कधी पाठवायच्या, बहुतेकदा विसरायच्या. एरवी मेसचा डबा, तीन पोळ्या आणि पाण्यात हरवलेला बटाटा. कुणाशी तरी बोलायचं म्हणून मी डबेवाल्याला काहीतरी विचारून थांबवायला बघायचे, तर तो जिन्यातूनच "ताई, गाडी चालू हाय खाली" म्हणत परत फिरायचा. रविवारी मी अख्ख्या दिवसात एक शब्दही बोललेली नसायचे. सोमवारी कॉलेजात गेल्यावर पहिला शब्द घशातून खरखरत निघायचा, आणि समोरचा विचारायचा, "सर्दी झालीय का?" मी हो म्हणायचे.

मी जन्माची एकलकोंडी नव्हते. बी.कॉम.ला असताना आम्ही सहा-सात पोरंपोरी पत्रकं काढायचो. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर, एका बाजूला छापलेली. बसस्टँडवर उभं राहून वाटायचो. माझा विषय ठरलेला होता, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा. हजेरीपुस्तकात वारलेल्या माणसांच्या सह्या, सासरी गेलेल्या लेकींचे अंगठे, आणि दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" करून चहा. 'बोगस' हा शब्द मी इतक्या वेळा छापायला दिला, की प्रेसवाले मामा म्हणायचे, "रेश्मा, हा शब्द कॉम्प्युटरात आधीच टाकून ठेवलाय मी. बाकीचं सांग." मग पदव्या झाल्या आणि आमची टोळी पांगली. कुणी स्पर्धा परीक्षेला बसलं, कुणाचं लग्न झालं, एक जण तर ज्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं त्यांच्याच गाडीत पुढच्या सीटवर दिसायला लागला. मी मागं राहिले. मला वाटलं, आता नुसतं ओरडून उपयोग नाही, पुरावा गोळा करायचा. संस्था कुणाच्या नावावर असते आणि चालवतं कोण, हा व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे. म्हणून व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला, दूध संस्थांतल्या महिला सभासदांचा निर्णयातला सहभाग. छातीवर बिल्ला लावल्यासारखा मी तो विषय मिरवत होते.

आमचं घर सुप्याच्या अलीकडच्या वस्तीवर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडलांच्या लहानपणी ती विकली गेली आणि वडील एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर उभे राहायला लागले. आईकडे चार शेळ्या आणि दोन एकर जिरायत. आई म्हणजे एक शब्द आहे, 'चालतंय'. भाकरी करपली, चालतंय. पाऊस लांबला, चालतंय. मावशीच्या पोराच्या लग्नात आहेराची साडी विटकी आली, चालतंय, रानात नेसायला होईल. थंडीत ती हुलग्याचं माडगं करायची, चुलीवर रटरट वाजत राहायचं. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्याच्या बुडाशी उरलेलं ती पातेल्यातच पाणी घालून प्यायची. आम्ही म्हणायचो, आई, वाटी घे की. "चालतंय." मी लहानपणापासून त्या शब्दावर चिडत आले आहे. माझी सगळी पत्रकं, खरं म्हणजे, त्या एका शब्दाविरुद्ध होती.

प्रश्नावलीत अडतीस विधानं होती आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. एकशेवीस बायका हव्या होत्या. बारामती तालुक्यातली गावं मी उन्हाळ्यात उरकली. बायका हसायच्या. "सहमत म्हंजे काय वो मॅडम?" म्हटलं, पटतं का ते सांगायचं. "मग आमच्या मालकांस्नी इचारा. त्येंला कायबी पटत न्हाय, तुमचं काम झटक्यात हुईल." दुसरी म्हणायची, "पाच खोल्या कशाला वो येवढ्या? व्हय आन् न्हाय, दोन बास." जिथे बायका बोलायला लागायच्या तिथे एखादा दीर नाहीतर सासरा खुर्ची ओढून बसायचा आणि उत्तरं त्याच्या तोंडून यायची. मी त्याला उठवायचे. भांडायचेसुद्धा. त्या एकोणऐंशी फॉर्मांतली प्रत्येक खूण मी भांडून आणलेली आहे, हे मला इथे नोंदवायचं आहे. पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, तरीही.

उरल्या एक्केचाळीस. त्या सगळ्या इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या महिला दूध संकलन केंद्राच्या सभासद. बारामतीहून जंक्शन नावाच्या गावी उतरायचं, तिथे पुढच्या गाडीची वाट बघायची. मी तीनदा गेले. केंद्र सकाळी साडेसहाला उघडायचं आणि आठच्या आत बंद. मी पोचायचे तेव्हा पत्र्याच्या खोलीला कुलूप, दारात सांडलेल्या दुधावर माशा आणि बायका रानात गेलेल्या. उसाच्या बांधावरून हाक मारली तर आतून आवाज यायचा, "आज न्हाय वो, खुरपायला लागलोय!" मुक्काम करायला मला त्या गावात कुणी ओळखीचं नव्हतं, आणि ओळख काढायला मी लाजले. पत्रकं वाटणारी मी, अनोळखी घरात एक दिवस राहू का असं विचारायला लाजले. केंद्राच्या सचिवाकडून सभासदांच्या नावांची यादी तेवढी मिळाली.

माझे गाईड देशमाने सर वाईट माणूस नव्हते. स्वतः कष्टातून वर आलेले, दुपारी केबिनमध्ये डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवणारे. प्रगती अहवालाला दहा दिवस उरले होते. त्यांनी माझे एकोणऐंशी फॉर्म चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पॅटर्न कळलाय ना तुला?"

"कळलाय, सर."

"मग भर की. तू त्याच मातीतली आहेस. त्या काय बोलणार हे तुझ्याइतकं कुणाला माहितीये?"

माझी बुद्धी फिरली ती या कौतुकानं. धमकी दिली असती तर मी पत्रक काढलं असतं.

तीन दुपारी लागल्या. खोलीचं दार लावून मी यादीतलं एकेक नाव घेत गेले. निळं, काळं आणि एक फिकट झालेलं जेल पेन. काही खुणा डाव्या हातानं केल्या. फॉर्म चारघडी घालून उघडले. एकावर चहाचा डागसुद्धा पाडला, आणि तो पाडताना मला गंमत वाटली होती, हेही लिहायलाच हवं. उत्तरं सुचायला अजिबात वेळ लागला नाही. प्रत्येक विधान वाचायचं आणि आई काय म्हणाली असती ते ऐकायचं. 'केंद्राच्या वेळा सोयीच्या आहेत.' चालतंय, सहमत. 'सभेत मला बोलायला मिळते.' चालतंय, सहमत. तेविसावं विधान होतं, 'चांगली यंत्रसामग्री मिळणार असल्यास मी मुख्य केंद्रावर दूध घालण्यास तयार आहे.' चालतंय. एक्केचाळीस वेळा सहमत. बाकीच्या विधानांत मधूनमधून एखादं 'तटस्थ', खरं वाटावं म्हणून. शेवटी सहीची जागा होती. सह्या केल्या. त्या तीन दुपारी मला अजिबात एकटं वाटलं नाही. खोलीत एक्केचाळीस बायका होत्या ना.

अहवाल मंजूर झाला. सर इंदापूर तालुक्याच्या दूध संघाला सल्ला द्यायला जायचे, तिथे त्यांनी माझे निष्कर्ष दाखवले. मला अभिमान वाटला होता. संशोधन कपाटात पडून राहतं म्हणून मीच नावं ठेवायचे, आणि माझं तर चाललं होतं कामाला.

तीन महिन्यांनी शिपाई विभागात येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावाकडची मंडळी आलीत." व्हरांड्यात दोन बायका उभ्या होत्या. एक पन्नाशीची, ठेवणीतली साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी. दुसरी माझ्या वयाची, सगळीकडे टकामका बघणारी. मी दोघींना कधी पाहिलेलं नव्हतं.

"रेश्मा मॅडम तुमीच का?"

"हो. तुम्ही?"

"वळखलं न्हाय का?" मोठी म्हणाली. मी मान हलवली. "कसं वळखाल. आपण भेटलोच न्हाय कवा. पर माझं मत तुमच्याकडं हाय म्हनं, सचिव सांगत हुता. ते बघाय आले."

त्या निरवांगीच्या शालन काकी. बरोबरची मंदा, त्यांची पुतणी. पिशवीतून काकींनी एक कागद काढला. केंद्राच्या दारावर चिकटवलेली सूचना, कोपऱ्यात खळीचे पोपडे असलेली. महिला संकलन केंद्र बंद करून ते चौकातल्या मुख्य केंद्रात विलीन करायचं ठरत होतं, तिथे मोठं शीतयंत्र बसणार होतं. पाहणीत महिला सभासदांनी यास संमती दर्शवली आहे, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. आठ दिवसांनी सभा होती.

"मी सातवी हाय," काकी म्हणाल्या. "वाचाय येतंय मला. माझा कागद दावा."

मला म्हणता आलं असतं की फॉर्म गोपनीय असतात. नियमही तसाच आहे. पण कुणाचं गुपित कुणापासून ठेवणार? मी कपाट उघडलं आणि त्यांचा फॉर्म काढून दिला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी तो मांडीवर सरळ केला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचायला लागल्या, मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारखं.

"'सभेत मला बोलायला मिळते. सहमत.' कवा बोलले गं मी, मंदे?"

"कागदावर लई बोलतीस काकी तू," मंदा म्हणाली. "आन् हे बघ, तुझा संचालक मंडळावर इश्वास बी हाय."

"आगं बया."

दोघी हसल्या. मीही हसायला गेले, तर काकींनी वर पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. त्या तेविसाव्या ओळीवर आल्या होत्या.

"मॅडम, तुमी आमचा चौक बघितलाय का?"

मी पाहिलेला नव्हता.

"टपरी हाय तितं. सकाळच्याला गाड्या लावून बसत्यात सगळे. दिराची पोरं, भावकी, समदी. तितनं कॅन घिऊन मी न्हाय जाणार, आन् मला कुणी जाऊ बी देणार न्हाय. आमचे मालक नेणार. आज नेलं की उद्या मशीनवर त्येंचंच नाव. मग म्हस धुवायला मी, आन् दूध त्येंचं." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "हितं मी माझ्या पायानं जाती. पोरगी कशी हाय, सून कशी हाय, तितंच कळतं एकमेकीचं. अर्धा तास. दिवसातला तेवढाच माझा."

मग त्यांनी फॉर्म उलटा केला. "ही सही कुणाची?"

मी त्या सहीकडे बघितलं.

"मी सही करताना 'शालन' येवढंच लिवती. संस्थेच्या बुकात बघा. हितं नवऱ्याचं नाव बी लावलंय."

ज्या हातानं मी वारलेल्या माणसांच्या सह्यांवर पत्रकं लिहिली होती तो हात माझ्या मांडीवर पडला होता. मला तो कुठे तरी ठेवून द्यावासा वाटला. काकी उठल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, मंदाला द्यायच्या होत्या हे दिसत होतं. "सभेला या," एवढंच म्हणाल्या. "आमाला इचारलं न्हाय म्हनून सांगा. आमी सांगितलं तर म्हनत्यात, बायका शब्द फिरीवत्यात."

सरांच्या केबिनमध्ये मी उभी राहूनच सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे बघ रेश्मा, नोंदणी जाईल तुझी. चार वर्षं जातील. माझं काय होईल ते सोड." मी म्हटलं, सर, केंद्र बंद पडतंय. ते टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक बघायला लागले. "सगळेच भरतात गं थोडेफार. मी पण..." आणि थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला त्यांचा राग आला होता, पण त्या अर्ध्या वाक्यापाशी तो थोडा अडखळला. आजही अडखळतो.

सभेच्या आदल्या दिवशी मी सुप्याला गेले. आई भाकरी थापत होती. बाजरीचं पीठ परातीवर थप थप वाजत होतं. मी उंबऱ्यावर बसून सांगायला सुरुवात केली आणि सगळंच सांगून टाकलं. एक्केचाळीस बायकांच्या जागी मी तुलाच बसवलं, हेही. आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"माझं बघून लिवलंस व्हय."

"हो."

"मला तरी कुठं इचारलंवतंस?"

मी म्हटलं, तू नेहमी चालतंय म्हणतेस ना.

"मग काय म्हनू? न्हाय चालत म्हनलं की पुढं कोन इचारतंय, काय पायजे तुला म्हनून?" तिनं भाकरी उलटली. "जेवून घे. सकाळची एसटी चुकंल."

तिनं मला जा म्हटलं नाही आणि नको जाऊही म्हटलं नाही. वडील म्हणाले, "नोकरी लागायच्या टायमाला तुला हे सुचतंय." त्यांचंही चूक नव्हतं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, आणि तिथेसुद्धा मी एखाद्या पाहुण्यासारखी अंथरुणाच्या कडेला झोपले.

सभा निरवांगीच्या शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली. पुढे पुरुष, मागे एका बाजूला बायका. गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष तात्या, पांढरं धोतर, माईक हातात धरायची जुनी सवय. विलीनीकरणाचा विषय आला तसा त्यांनी माझ्याकडे हात केला. "आपल्या पाहणीच्या मॅडम बी आल्यात. त्यांच्याच तोंडून ऐका." त्यांना वाटलं मी पाठिंब्याला आले आहे. मला माईक दिला. मी भाषणाची तयारी केली होती, सहकाराची मूल्यं, महिलांचा आवाज, सगळं. तोंडातून दोनच वाक्यं निघाली. "निरवांगीच्या एकाही बाईला मी काही विचारलेलं नाही. ते फॉर्म मी माझ्या खोलीत बसून भरले, सह्यासुद्धा मीच केल्या."

मग पुरुषांच्या मधून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे बोगसच की!" आणि हशा पिकला. माझाच शब्द. मी तो पिवळ्या कागदावर किती तरी वेळा छापला होता, पण तो अंगावर आल्यावर कसा लागतो हे मला माहीत नव्हतं.

तात्या हसले नाहीत. "मॅडम, आमी अडाणी माणसं. आमच्या सभांत बोगसगिरी चालती म्हनून तुमीच पत्रकं काढायच्या न्हवं? मी ठिवलंय एक जपून." लोक पुन्हा हसले. "आता आमी कुणाकडं बघायचं?" त्यांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला. बायकांच्या बाजूनं टाळी वाजली नाही. का वाजावी? शालन काकी मंदाच्या कानात काहीतरी सांगत होत्या, माझ्याकडे पाहतही नव्हत्या. मी माईक ठेवला, चप्पल शोधली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं बायका घोळक्यानं बोलत बोलत समोरून गेल्या. एकीनं पदर सावरला, एकीनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बोलण्यात गुंतली. एसटी यायला दीड तास लागला. तेवढा एकटा दीड तास मी आयुष्यात दुसरा घालवलेला नाही, आणि मला वाईट वाटतंय की हलकं वाटतंय, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या सभेत विषय आलाच नाही. का, ते मला कुणी कळवलं नाही. केंद्र चालू राहिलं. शीतयंत्र चौकात बसलं आणि महिला केंद्रातलं दूध टेम्पोनं तिकडे जायला लागलं. इतकं सोपं होतं ते, आणि कुणालाही आधी सुचलं नव्हतं, कारण तशी गरज कुणी विचारलीच नव्हती. माझी चौकशी झाली, अहवाल रद्द झाला, नोंदणी कशीबशी वाचली. सरांनी मला सोडलं. त्यांच्यावर काही आलं नाही, कारण मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. का घेतलं नाही, याचं उत्तर माझ्यातली पत्रकवाली अजून मागते. नवीन गाईड दुसऱ्या कॉलेजातून मिळाल्या, आणि मी प्रश्नावली पुन्हा पहिल्यापासून घेतली.

या वेळी निरवांगीत खोली भाड्यानं घेतली, दोन महिने. गावानं मला बोलावलं नाही, हाकललंही नाही. सकाळी साडेसहाला केंद्राच्या दाराशी उभी राहायचे. कॅनची झाकणं वाजायची, फॅट मोजायचं यंत्र टिकटिक करून चिठ्ठी सोडायचं, आणि बायका माझ्या आरपार बघून एकमेकींशी बोलायच्या. संध्याकाळी मी स्टोव्हवर खिचडी करायचे आणि पातेल्यातच खायचे. पंधराव्या-सोळाव्या दिवशी मंदा म्हणाली, "इचारा काय इचारायचंय ते. पर निम्म्यात तोंड उघडायचं न्हाय तुमी." तिचा फॉर्म भरायला तीन सकाळी लागल्या. मग दुसऱ्या आल्या. कुणी चहा पाजला, कुणी नाही. एकीनं अडतिसाव्या विधानापर्यंत येऊन सांगितलं की पहिली वीस खोडा, तेव्हा सासू ऐकत होती. मी खोडली आणि पुन्हा विचारली. दोन महिन्यांत चाळीस फॉर्म झाले, आणि त्यांतला एकही माझ्या आईसारखा नव्हता.

एक्केचाळिसावा शालन काकींचा. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्या म्हशीला पेंड कालवत होत्या. फॉर्म पाहिला आणि हात थांबवला नाही.

"माझं एकदा लिवलंय तुमी."

"ते फाडलं काकी. आता तुमचं लिहायचंय."

"न्हाय." त्यांनी घमेलं म्हशीपुढे सरकवलं. "मला जे सांगायचं ते मी हितल्या बायांस्नी सांगती. तुमास्नी न्हाय सांगायचं. ऱ्हाऊ द्या."

मी तीन आठवड्यांत चारदा गेले. चौथ्यांदा त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, खरवसाची वाटी दिली, मंदाच्या लग्नाची बोलणी कुठवर आली ते सांगितलं. फॉर्म मात्र हातात घेतला नाही.

प्रबंधाच्या शेवटच्या तक्त्यात एकशेवीस ओळी आहेत. शेवटच्या ओळीत अडतीस रिकामे चौकोन आणि पुढे 'उत्तर देण्यास नकार' असं लिहिलेलं. नव्या गाईड बाई म्हणाल्या होत्या, ही ओळ काढ, एकशेएकोणीस चालतात. मी काढली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमक्या त्याच पानावर बोट ठेवलं. मागच्या खुर्च्यांवर आई बसली होती, पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"या प्रतिसादकानं एकही उत्तर दिलेलं नाही," परीक्षक म्हणाले. "संख्याशास्त्राच्या दृष्टीनं या ओळीचा उपयोग शून्य आहे. मग ठेवली कशासाठी?"

"त्या सभासद आहेत, सर," मी म्हटलं.